न वाचलेल्या खोक्याचे काय करायचे?

१ ऑगस्ट २०२३पासून आपल्याकडच्या खपाच्या तीनशे औषध-ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्याआधी १७ नोव्हेंबर २०२२च्या अधिसूचनेने औषध नियमावलीत 'एच-२' ही नवी अनुसूची आली होती. कोडात काय काय भरायचे याची यादीही त्याच अधिसूचनेत होती: उत्पादनाचा ओळख-क्रमांक, औषधाचे मूळ नाव, ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदतीची तारीख आणि परवाना क्रमांक. गोळ्यांच्या पट्टीवर जागा पुरत नसेल तर बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा मिळाली. छापणे असे सक्तीचे झाले. छापलेला प्रत्येक कोड कारखान्यातून बाहेर पडण्याआधी वाचून पाहा, असे मात्र त्या नियमात म्हटलेले नाही.

निर्यात करणाऱ्यांना हा प्रश्न आधीच भेटला होता. परकीय व्यापार महासंचालनालयाने निर्यातीच्या औषधांवर बारकोड हवा असे २०११ मध्येच सांगितले. युरोपात ९ फेब्रुवारी २०१९पासून डॉक्टरने लिहून द्यायच्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यावर वेगळा अनुक्रमांक लागतो. अमेरिकेने २०१३ मध्ये कायदा केला, तयारीला दहा वर्षे दिली आणि नोव्हेंबर २०२३ उजाडल्यावर आणखी एक वर्ष सांभाळून घेतले. प्रत्येक खोक्याला स्वतःचा क्रमांक असेल आणि कोणते खोके कोणत्या शिपरमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या मोठ्या खोक्यात, गेले याची नोंद ठेवायची असेल, तर पट्ट्यावरून जाणारे प्रत्येक खोके कोणीतरी वाचलेच पाहिजे. तिथे कॅमेरा हवा की नको यावर चर्चा फारशी उरत नाही.

चर्चा उरते ती देशी बाजारासाठी काम करणाऱ्या मधल्या फळीतल्या पॅकिंग युनिटांपुढे. तारापूर, वाळूज, नाशिकचे अंबड, गोव्यातले वेर्णे अशा औद्योगिक वसाहतींत अशी युनिटे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा माल दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम, पाळण्यासाठी लहान-मध्यम उद्योगांना ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढवून मिळालेली मुदतही यांच्यासाठीच होती. भिंती, हवा, पाणी, कागदपत्रे या सगळ्यांवर खर्च करून दमलेल्या मालकासमोर आता कॅमेऱ्याचा विक्रेता येतो आणि म्हणतो, बसवा, दोन दिवसांत लाइन चालू करून देतो. बसवावा का, आणि बसवला तर कशासाठी, हा आजचा विषय.

बाजू मांडायची तर आधी कॅमेऱ्याची मांडू. मिनिटाला एकशे वीस खोकी पुढे सरकणाऱ्या लाइनवर एका खोक्याच्या वाट्याला अर्धा सेकंद येतो. तेवढ्यात माणसाला बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख वाचता येईल, पण आठ तास नाही. पहिल्या अर्ध्या तासानंतर डोळे उघडे असतात आणि वाचन थांबलेले असते. पॅकिंग हॉलमध्ये काम केलेल्या कोणालाही हे पटवून द्यावे लागत नाही. शिवाय क्यूआर किंवा तसाच ठिपक्यांचा चौकोनी कोड असलेला डेटा मॅट्रिक्स माणसाला वाचता येतच नाही. डेटा मॅट्रिक्सचा चौकोन नीट छापलेला दिसतो, त्याच्या डाव्या-खालच्या कडेचा काळा 'एल' ठसठशीत दिसतो, पण आत मागच्या बॅचचा क्रमांक आहे की आजच्या, हे शिफ्टमधल्या सर्वांत अनुभवी बाईलाही सांगता यायचे नाही. म्हणजे नियमाने वेष्टनावर अशी माहिती आणली, जी तपासायला यंत्रच लागते. हा मुद्दा कॅमेऱ्याच्या बाजूचा आणि तो भक्कम आहे.

दुसरा मुद्दा जुना, पण जास्त गंभीर: सरमिसळ. चेंजओव्हरच्या, म्हणजे लाइनवर औषध बदलण्याच्या, वेळी मागच्या औषधाची चार खोकी मशीनच्या कोपऱ्यात अडकून राहतात आणि नव्या बॅचमध्ये मिसळतात. पाच मिलिग्रॅमच्या खोक्यात दहा मिलिग्रॅमचे माहितीपत्रक जाते. यावर उपाय म्हणून औषधाच्या खोक्याच्या आतल्या फ्लॅपवर आणि घडी घातलेल्या पत्रकाच्या कडेला काही जाड-बारीक उभ्या रेघा छापलेल्या असतात. घरातले एखादे खोके उघडून पाहा, बहुधा सापडतील. तो फार्माकोड. ३पासून १,३१,०७०पर्यंतचा एक आकडा तो सांगतो, बाकी काही नाही. ग्राहकाशी त्याचा संबंध नाही. आपण योग्य खोके आहोत एवढेच तो मशीनला सांगतो. लाइन क्लिअरन्सच्या, म्हणजे लाइन रिकामी झाल्याच्या, कागदावर सही करणाऱ्याने कोपरा पाहिला नसेल, तरी हा कोड वाचणारा डोळा चुकीचे खोके बाहेर काढू शकतो. पण या फार्माकोडला तपासणी-अंक नसतो आणि उलट्या बाजूने वाचला तर तो वेगळाच आकडा सांगतो. म्हणून वाचनाची दिशा आणि अपेक्षित आकडा, दोन्ही पक्के बांधून दिल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही.

इथे थोडे मागे जायला हवे. बारकोडची वाढ ज्या जागी झाली तिथे वाचनाला दुसरी संधी मिळत असे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटात चुइंगमचे एक पाकीट पहिल्यांदा स्कॅन झाले. तेव्हापासून आजवर जगातल्या कुठल्याही गल्ल्यावर 'टिंग' वाजले नाही तर गल्ल्यावरची व्यक्ती वस्तू फिरवून पुन्हा धरते आणि शेवटी आकडे हाताने टाइप करते. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी क्यूआर कोड तयार केला, तेव्हाही तो वाचणाऱ्या कामगाराच्या हातात यंत्र होते आणि ते पुन्हा रोखता येत होते. पॅकिंग लाइनवर ही सवलत नाही. खोके एकदाच समोरून जाते. तेवढ्या एका फोटोत जे मिळाले ते मिळाले. दुकानातला स्कॅनर उत्तम चालतो म्हणून लाइनवरचा कॅमेराही चालेल, हा हिशेब इथेच फसतो. विक्रेत्याच्या टेबलावर हातात धरून दाखवलेला नमुना पाहून ऑर्डर देणाऱ्यांची यात सर्वाधिक फसगत होते.

एका फोटोत काय काय साधावे लागते ते आकड्यांतच पाहिलेले बरे. समजा डेटा मॅट्रिक्समधला एक ठिपका ०.४ मिलिमीटरचा आहे आणि चौकोन चोवीस बाय चोवीस ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटरचा. धावत्या लाइनवर भरवशाने वाचायला एका ठिपक्याला चार-पाच पिक्सेल मिळावेत असे धरतात. पाच धरले तर एक पिक्सेल ०.०८ मिलिमीटरचा झाला, आणि आडवे १,२८० पिक्सेल असलेला साधा कॅमेरा जेमतेम दहा सेंटिमीटर रुंदीचा भाग पाहू शकला. तेवढ्यातच कोड आला पाहिजे. मालक म्हणतो, तोच कॅमेरा जरा वर लावा, म्हणजे अख्खे खोके दिसेल आणि मुदतीची तारीखही त्यातच तपासून होईल. वर लावला की ठिपक्याच्या वाट्याला तीन पिक्सेल येतात, मग दोन. बैठकीत कोणाला ते जाणवत नाही. पुढच्या महिन्यात प्रिंटरची रिबन थोडी फिकी निघाली की जाणवते.

आता वेग. मिनिटाला एकशे वीस खोकी आणि दोन खोक्यांच्या तोंडांमध्ये पंधरा सेंटिमीटर, म्हणजे पट्टा सेकंदाला तीनशे मिलिमीटर धावतो. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर एक मिलिसेकंद ठेवले तर तेवढ्या वेळात खोके ०.३ मिलिमीटर सरकते. ठिपका आहे ०.४चा. चित्रात काळा ठिपका शेजारच्या पांढऱ्यात फासला जातो आणि कोडाचा राखाडी लगदा होतो. एक्स्पोजर दशांशावर आणले की खोके ०.०३ मिलिमीटरच सरकते आणि चित्र स्वच्छ येते. पण उजेडही दशांश झाला. मग लेन्सचे तोंड मोठे करायचे? तसे केले की स्पष्ट दिसण्याची खोली कमी होते, आणि किंचित फुगलेले किंवा तिरके झालेले खोके धूसर दिसते. म्हणून फोटोच्या क्षणापुरता लखकन पेटणारा एलईडी दिवा लावावा लागतो. या सगळ्या ओढाताणीत सॉफ्टवेअर अजून आलेलेच नाही. या कामात यशाचा मोठा वाटा उजेडाचा असतो, आणि कोटेशनमध्ये तो सर्वांत शेवटच्या ओळीत असतो.

उजेडाचेही प्रकार आहेत. गोळ्यांच्या पट्टीमागचे ॲल्युमिनियम आरशासारखे वागते. समोरून दिवा मारला की तो थेट लेन्समध्ये परततो आणि कोडाच्या जागी पांढरा धब्बा दिसतो. तिथे घुमटाच्या आतून पसरून येणारा सौम्य उजेड लागतो. लाल एलईडी स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा, पण लाल उजेडात लाल शाई कागदाइतकीच पांढरी दिसते. ब्रँडच्या लाल-केशरी रंगात कोड छापण्याचा हट्ट मार्केटिंगने धरला, तर कॅमेऱ्यासमोर कोरा चौकोन येईल. खोक्यावर चकचकीत व्हार्निश असेल तर इंकजेटची शाई वाळत नाही, फासते; त्यासाठी कोडापुरती जागा व्हार्निशविना सोडायला छापखान्याला सांगावे लागते. आणि कोडाभोवतीची मोकळी जागा? डेटा मॅट्रिक्सला चारी बाजूंनी एका ठिपक्याएवढी, क्यूआरला चार ठिपक्यांएवढी. डिझायनरला ती रिकामी जागा खुपते आणि तिथे एक नाजूक चौकट येऊन बसते. कॅमेऱ्याचा माणूस लाइनवर तीन दिवस सेटिंग करत बसतो, तेव्हा बऱ्याचदा तो मुंबईच्या ऑफिसात घेतलेल्या अशाच एखाद्या निर्णयाची किंमत चुकवत असतो.

आता कॅमेऱ्याच्या विरुद्धची बाजू. ती खर्चाची आहे असे सगळे समजतात. मला ती खर्चाची कमी आणि वागणुकीची जास्त वाटते.

९९.९ टक्के वाचन हा आकडा ऐकायला भारदस्त आहे. मिनिटाला एकशे वीसच्या गतीने आठ तास लाइन चालली तर ५७,६०० खोकी होतात. त्यातली हजारात एक वाचता आली नाही तर शिफ्टअखेर अठ्ठावन्न खोकी नाकारलेल्या मालाच्या लाल डब्यात पडतात. ९९.५ टक्क्यांवर हा आकडा २८८ होतो. यातली बहुतेक खोकी चांगलीच असतात: एखादे तिरके गेले, एखाद्याचा फ्लॅप वर राहिला. पण चांगली कुठली आणि वाईट कुठली हे कोणीतरी हाताने पाहायचे, लिहायचे, सही करायची. कोणी? बहुतेक जागी याचे उत्तर खरेदीच्या वेळी ठरलेले नसते. मग ते शिफ्ट संपताना लाइनवरच्या कंत्राटी कामगारावर येऊन पडते आणि शंभरातली नव्वद खोकी न पाहता पुन्हा पट्ट्यावर ठेवली जातात. कॅमेऱ्याने 'नाही' म्हटलेले खोके माणसाच्या 'हो'वर बाजारात गेले.

याहून वाईट म्हणजे सेटिंगला हात लागतो. रिजेक्शन वाढले, प्रॉडक्शनचा फोन आला, की मेंटेनन्सवाला पासवर्ड टाकून आत जातो. वाचनासाठी दिलेला वेळ वाढवतो, एकाऐवजी सगळ्या प्रकारचे कोड वाचायची मुभा देतो, 'जुळणी' बंद करून नुसते 'वाचन' चालू ठेवतो. या शेवटच्या बदलाने यंत्र एका क्षणात निरुपयोगी होते. कारण आता ते 'कोड आहे' एवढेच सांगते, 'हाच कोड असायला हवा होता' हे सांगत नाही. सगळे प्रकार चालू ठेवले की खोक्यावरचा दुसराच कोड, एखादा साधा ईएएन-१३सुद्धा, वाचला जातो आणि हिरवा दिवा लागतो. दिवसअखेर रिपोर्टमध्ये शंभर टक्के. ऑडिटरला दाखवायला छान.

आणि जुळणी चालू असली तरी ती कशाशी? बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख सुपरवायझर एकदाच संगणकात भरतो. तिथूनच प्रिंटरला जाते, तिथूनच कॅमेऱ्याला. मुदतीचे वर्ष भरताना चूक झाली, तर प्रिंटर चुकीचे छापतो, कॅमेरा चुकीच्याशी चुकीचे जुळवतो आणि हजारो खोकी निर्दोष ठरतात. हा दोष कोणत्याही लेन्सने जात नाही. त्यासाठी बॅच रेकॉर्डवरून दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पडताळणी करावी लागते. कॅमेरा आला म्हणून ती पायरी गाळणारे युनिट आधीपेक्षा जास्त धोक्यात आहे.

आणखी एक गोष्ट वाचनक्षमतेच्या कौतुकात झाकली जाते. क्यूआर कोडाची दुरुस्तीची क्षमता चार पातळ्यांवर ठरवता येते, साधारण सात टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत. डेटा मॅट्रिक्सच्या आजच्या प्रकारातही अशीच दुरुस्ती अंगभूत असते. म्हणजे प्रिंटरच्या हेडचे एक छिद्र तुंबून कोडातून पांढरी रेघ गेली, तरी चांगला कॅमेरा तो वाचतो. दुसरे तुंबले तरी वाचतो. बोबड्या बाळाचे बोलणे आईला कळते, शेजाऱ्याला नाही; तसा लाइनवरचा महागडा कॅमेरा जे लीलया वाचतो, ते गावातल्या केमिस्टच्या स्वस्त स्कॅनरला किंवा रुग्णाच्या मुलाच्या जुन्या मोबाइलला वाचता येईलच असे नाही. कोड ज्याच्यासाठी छापला तो हाच माणूस. छपाईची प्रत मोजण्यासाठी वेगळे मानक आहे, आयएसओ/आयईसी १५४१५. त्यात चारपासून शून्यापर्यंत श्रेणी मिळते आणि वापरली न गेलेली दुरुस्तीची क्षमता हाही एक निकष असतो. पण ती श्रेणी द्यायला ठरावीक कोनातला, ठरावीक तरंगलांबीचा उजेड आणि प्रमाणित उपकरण लागते. धावत्या लाइनवरच्या कॅमेऱ्याने दिलेली 'ए' श्रेणी ही त्याच्या स्वतःच्या उजेडातली श्रेणी. घसरणीचा कल पाहायला ती उपयोगी आहे, प्रमाणपत्र म्हणून नाही. कोटेशनमध्ये हे दोन्ही एकाच वाक्यात लिहिलेले दिसले तर मालकाने थांबून विचारावे.

मग स्वस्तातला मार्ग का नको? हा प्रश्न आता गंभीरपणे घ्यायला हवा. कोड वाचण्याची विद्या कोणाच्या तिजोरीत बंद नाही. ओपनसीव्ही, झेडएक्सिंग, झेडबार, डेटा मॅट्रिक्ससाठी लिबडीएमटीएक्स ही सगळी मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर हे चालवून दाखवतात. चूक एका ठिकाणी होते: स्वस्त कॅमेऱ्यात चित्र एकाच वेळी टिपले जात नाही, ओळीओळीने टिपले जाते, त्यामुळे धावत्या खोक्यावरचा चौकोन तिरका येतो. संपूर्ण चित्र एका क्षणी टिपणारा ग्लोबल शटर कॅमेरा रास्पबेरी पायसाठीही २०२३ मध्ये आला, तेव्हा ही अडचणसुद्धा पैशाने फार मोठी राहिलेली नाही. पुढचा खरा अडथळा औषधाच्या धंद्यातला आहे. ही व्यवस्था नेमकी काय करते, कोणत्या आवृत्तीवर चालते, कोणी कधी काय बदलले, बिघडली तर लाइन थांबते की नुसतीच पुढे जाते, याचे लेखी उत्तर देणारा माणूस ती बनवणाऱ्याच्या पलीकडे कोणीतरी लागतो. बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला की तो डबा लाइनवर राहतो आणि त्याला हात लावायला कोणी धजत नाही. बिस्किटांच्या किंवा साबणाच्या कारखान्यात मी हा मार्ग बिनदिक्कत सुचवेन. औषधात शिकण्यासाठी, छपाईवर नजर ठेवण्यासाठी तो जरूर वापरावा. माल सोडायचा की अडवायचा हे ठरवायला मात्र नको. तयार स्मार्ट कॅमेऱ्याला जास्त पैसे द्यायचे ते वाचनाच्या हुशारीसाठी नसतात, कागदपत्रांसाठी आणि पुढच्या पाच वर्षांतल्या सुट्या भागांसाठी असतात. हे ध्यानात ठेवले तर भावही नीट करता येतो.

आणि कॅमेरा सर्वांना लागतोच, असेही नाही. मिनिटाला वीस खोकी भरणाऱ्या अर्धस्वयंचलित टेबलावर एका खोक्याला तीन सेकंद मिळतात. तिथे तारेला बांधलेला हातातला स्कॅनर, त्यासमोर अपेक्षित क्रमांक धरून बसलेला संगणक आणि न जुळल्यास वाजणारा कर्कश भोंगा पुरतो. वाचले गेले नाही तर बाई खोके फिरवून पुन्हा धरते, गल्ल्यावर मिळणारी दुसरी संधी इथेही मिळते. अशा युनिटाने केवळ मोठ्या ग्राहक कंपनीच्या ऑडिटला बरे दिसावे म्हणून कॅमेरा घेणे म्हणजे गरजेविना कर्ज.

रोजगाराचा मुद्दाही टाळून चालणार नाही. पट्ट्याशेजारी उभे राहून खोकी पाहणाऱ्या बायकांचे काम कॅमेरा घेतो, हे खरे. त्या कामात कौशल्याला वाव होता असा भाबडा दावा मी करणार नाही. ते कंबर आणि डोळे मोडणारे काम आहे. पण त्याच बायका शाई फिकी झाली, खोक्याचा वास वेगळा येतोय, पट्टीत एक कप्पा रिकामा आहे, हेही जाता जाता सांगत. बारकोड वाचायला बसवलेला डोळा बारकोडच वाचतो. दोन जागा वाचल्या असे गणित मांडणाऱ्याने त्यातली एक जागा लाल डब्यापाशी ठेवली, तिला नीट प्रशिक्षण आणि सही करण्याचा अधिकार दिला, तर या सगळ्या खर्चाला अर्थ येतो. दोन्ही जागा कापल्या तर डब्यातली अठ्ठावन्न खोकी पाहायला कोणी नसते.

बनावट औषधांबद्दल मात्र अपेक्षा आवरती घ्यावी. एच-२च्या यादीत प्रत्येक पट्टीला वेगळा अनुक्रमांक हवा, असे वेगळे कलम नाही. संपूर्ण बॅचवर एकच कोड असेल तर खऱ्या पट्टीवरचा कोड जसाच्या तसा नकली पट्टीवर छापता येतो आणि मोबाइल तितक्याच विश्वासाने तो वाचून दाखवतो. कारखान्यातला कॅमेराही यात काही करू शकत नाही. सरमिसळ आणि चुकीची छपाई रोखणे हेच त्याचे काम, आणि ते लहान काम नाही.

तेव्हा कौल असा. वेगवान लाइन असलेल्या, एकाच मशीनवर आठवड्यातून अनेकदा औषध बदलणाऱ्या युनिटाने कॅमेरा बसवावा. पहिला कॅमेरा पट्टीवर बसवू नये, खोक्यावर बसवावा. कारण चमकत्या फॉइलवर शिकण्यापेक्षा सपाट पुठ्ठ्यावर शिकणे स्वस्त पडते. एकच कोड-प्रकार, एकच ठरावीक जागा, आणि वाचन नव्हे तर जुळणी. न वाचलेले खोके आपोआप बाहेर गेलेच पाहिजे, आणि ते खरोखर गेले हे दुसऱ्या सेन्सरने पाहिले पाहिजे, कारण कॅमेरा आणि ढकलणारा हात यांच्यात दोन-तीन खोक्यांचे अंतर असते. मधले एखादे कोणी हाताने उचलले की चांगले खोके ढकलले जाते आणि वाईट पुढे निघते. ओळीने तीन खोकी नाकारली गेली तर लाइन थांबावी. लाल डब्याला कुलूप, आणि किल्ली प्रॉडक्शनकडे नको. दर बॅचच्या आधी मुद्दाम बिघडवलेली खोकी सोडून पाहावीत: एक कोडाविना, एक फासलेले, एक दुसऱ्याच औषधाचे. तिन्ही डब्यात पडली तरच पुढे.

याच्या आधी करायची कामे कमी झगमगाटाची आहेत. कोडाभोवतीची मोकळी जागा, व्हार्निशविना चौकट, काळी शाई, वेळेवर बदललेले प्रिंट-हेड. ज्या युनिटाची छपाई सुधारलेली नाही त्याने कॅमेऱ्याची ऑर्डर सहा महिने पुढे ढकलली तर बिघडणार नाही. उलट, वाईट छपाईवर बसवलेला कॅमेरा पहिल्याच आठवड्यात इतकी खोकी बाहेर काढतो की दुसऱ्या आठवड्यात त्याचे तोंड बंद केले जाते, आणि एकदा बंद केलेले सहसा पुन्हा उघडले जात नाही.

अन्न व औषध प्रशासनाचे तपासनीसही यात बरेच करू शकतात. कॅमेरा आहे का, बिल दाखवा, प्रमाणपत्र दाखवा, एवढ्यावर तपासणी संपली तर उद्योग कॅमेरे विकत घेतील आणि तिथेच थांबतील. त्याऐवजी दोन वह्या मागाव्यात. एक सेटिंग-बदलांची: कोणी, कधी, कोणाच्या सहीने. दुसरी नाकारलेल्या खोक्यांची: किती पडली, किती पुन्हा पाहिली, किती नष्ट केली. आणि दुसऱ्या वहीत ज्या शिफ्टसमोर शून्य लिहिले असेल, त्या शिफ्टची सेटिंगे आधी तपासावीत.